मागणी क्रमांक सात

धुळे कोर्टाच्या फाटकासमोर माझं दुकान,
झेरॉक्स, टायपिंग, स्टँपपेपर, पाणी मागाल तर पाणी.
त्यांचं निवेदन मीच टाइप केलं:
पुरुष हक्क जागर समिती, धुळे जिल्हा.
हाताच्या मसुद्यात स्त्रीवाद हा शब्द अकरा वेळा,
अकराही वेळा चुकीचा.
भदाणे सर म्हणाले, ताई, तुम्ही त्यातल्या नाही म्हणून सांगतो,
या शब्दानं घरं मोडली.
मी म्हटलं, यात त लिहायचा राहिलाय, घालू का?
घाला, म्हणाले.

मागणी तीनपाशी लाईट गेली.
अंधारात आठवलं,
याच की-बोर्डवर सकाळी साक्रीच्या एका बाईचं लिहिलं होतं:
उलथन्याचा चटका, डावा दंड,
तारीख आठवत नाही, पोळ्याच्या आसपास.
एंटरचं बटण दोघांनाही सारखंच अडकतं.
मशीनला बाजू नाही.
मला आहे.
दर मात्र एकच, पानाला तीस.

भटू बडगुजर मागच्या बाकावर.
मांडीवर कंपासपेटी, नवी, वरचं प्लॅस्टिक तसंच.
मना पोऱ्या आते चौथीमा व्हई, म्हणाला.
व्हई म्हणाला.
शे म्हणाला नाही.
बायको कोर्टात खोटं बोलली, असं त्याचं म्हणणं.
बोललीही असेल.
तिचे कागदही मीच झेरॉक्स केलेत,
ते त्याला सांगितलेलं नाही.

सातवी मागणी त्याची,
कुणाकडे न बघता केलेली:
माणसाले रडू द्या.
मी सरकारी करून लिहिलं,
पुरुषांचा रडण्याचा अधिकार मान्य करण्यात यावा.
सरांनी प्रूफ वाचलं, तिथे आडवी रेघ मारली.
कलेक्टर हसतील, म्हणाले.
मग जरा थांबून,
बायका हसतील.
मी आठवीला सात केलं, नववीला आठ.

शनिवारी पाचशे प्रती स्कूटीवर घेऊन निघाले.
लळिंगच्या अलीकडे कुणाचा तरी मळा,
समितीची भरीत पार्टी.
कपाशीच्या काड्यांचा जाळ, त्यात हिरवी वांगी,
चाळीस पुरुष,
कुणी सालं काढतोय, बोटं भाजतायत, तरी काढतोय,
कुणी मुसळानं मिरच्या ठेचतोय,
कुणी कांद्याची पात कापतोय इतकी बारीक
की मला माझी लाज वाटावी.
यातला एक जण घरी चहासुद्धा करत नाही.
त्याच्या बायकोनं सांगितलंय,
माझ्याच दुकानात, रांगेत.

वारा फिरला.
धूर सगळ्यांवर आला,
चाळीस जण डोळे पुसायला लागले,
कुणी कुणाकडे बघून हसलं नाही.
वारा पुन्हा फिरला, धूर नाल्याकडे गेला,
डोळे कोरडे झाले सगळ्यांचे.
भटूचे झाले नाहीत.
तो जाळापाशी तसाच, मान खाली.
भदाणे सरांनी त्याच्याकडे पाहिलं,
इकडेतिकडे पाहिलं,
आणि एक ओली काडी उचलून
जाळात सारली.

मला म्हणाले, ताई, आधी तुम्ही बसा.
केळीचं पान, कळण्याच्या पुऱ्या, वर तेल सुटलेलं भरीत.
माझ्या आईच्या हाताला ही चव नव्हती,
खोटं कशाला बोलू.
निवेदनाचा गठ्ठा उडू नये म्हणून
कुणीतरी त्यावर मिठाची पिशवी ठेवली होती.

निवेदन दिलं. पेपरात फोटो आला, भटू त्यात अर्धा.
बिल बाकी आहे.
जुना मसुदा मी पुसलेला नाही,
कुठल्या नावानं ठेवलाय ते सांगणार नाही.
सोमवारी साक्रीची बाई येणार आहे.
तारीख आठवली, म्हणते.