हा पोचा कधीचा

सर्व्हेअर कुलथे दारावर बोट ठेवतात:
"हा कधीचा?"

औशाजवळ रानडुक्कर आडवं आलं, तो उजवा दिवा.
उसाच्या ट्रॉलीला मागं लाल लाइट नव्हती, ते बोनेट.
हा तर उभ्या गाडीला, परभणीत, रसवंतीसमोर.

"तिन्ही एका क्लेममध्ये बसत नाहीत.
आणि मधे अकरा दिवस पॉलिसी बंद होती."

ते अकरा दिवस आठवून पाहतो.
गाडी चालतच होती की.
बहिणीला दवाखान्यात नेलं, लिंबाखाली लावली,
साधा ओरखडाही नाही.

जब्बार डेंटर पान्यानं पत्रा वाजवतो,
डोळे मिटून सांगतो कोणता मार कुठला.
त्याची सही चालत नाही.

कुलथे फोटो काढतात.
काचेत मीही येतो.
"जरा बाजूला सरका," म्हणतात,
"नुकसान दिसू द्या."