बोअरचं पाणी

रबाळेला, शेडच्या मागच्या अंगाला, मिलवर हसुराम भोईर.
निळ्या भुकटीचे गठ्ठे फुटेस्तोवर
काचेचे मणी फिरत राहतात, चार तास, कधी सहा.
मग पोलादी पट्टीवर एक थेंब ओढून
तिरक्या उजेडात धरतो:
"अजून रवा लागतोय, मॅडम."

मला कण मायक्रॉनमध्ये कळतात,
त्याला चिमटीत.

खिडकीत बरण्या मांडल्यात, तारखा घालून.
पाहायचं एवढंच, कोण किती दिवस तरंगतं.
सगळ्यांवर भार सारखा,
म्हणून एकमेकांना टाळतात कण
आणि टाळतात
म्हणून टिकतो रंग.

मार्चात एक बॅच फाटली. नासक्या दुधासारखी.
मी नोंदी चाळत बसले.
त्याने नुसती बरणी कलती केली.
"टँकर बोअरचा ना? खारं आहे पाणी."

बापाचं मिठागर होतं ऐरोलीला.
भरतीचं गढूळ, खाडीत शिरलं की
गाळ कसा गोळा होऊन खाली बसतो,
ते त्याने चड्डीत असताना पाहिलेलं.

ती बरणी मी फेकली नाही.
तळाशी निळा चिखल,
वर पाणी इतकं नितळ
की त्यातून अंगणातला टँकर दिसतो,
उलटा.