कर्णाबाहेरचा आकडा

टोर्सहाव्न, डिसेंबर. दुपारी अडीचलाच दिवा लावला.
खिडकीखाली बंदर, बंदरात तीन बोटी,
आणि टेबलावर एक्केचाळीस वर्षांचे कॉड
पुठ्ठ्याच्या खोक्यांत.
मासे नव्हेत, त्यांच्या कानांतले खडे:
वालाच्या दाण्याएवढे,
मधोमध तोडले की आत वलयं.
एक हिवाळा, एक रेघ.

ही वलयं मोजली हेयिनने आणि मार्युनने.
खूण करून सोडलेले काही मासे होते, वय आधीच ठाऊक असलेले;
त्यांच्या भरवशावर मॉडेलमध्ये मी दोघांना एकेक अक्षर दिलं:
तो किती चुकतो, ती किती चुकते.
(माणूस चुकतंच. डोळे, भिंग, जेवणानंतरची सुस्ती.)

सॉफ्टवेअर आधी वाढतं ते पाहुण्यांचं ताट:
अंदाज, शेजारी त्याची प्रमाणत्रुटी,
कडेला चटणीसारखे दोनतीन तारे.
एक ओळ दुसरीला ओळखही दाखवत नाही.
आतलं मागून घ्यावं लागतं.
एवढासा हुकूम, कंसात मॉडेलचं नाव,
की उघडते सहप्रचरणाची सारणी:
कर्णावर ज्याचं त्याचं,
कर्णाबाहेर एकमेकांचं.

मी मागितली.
रकान्यारकान्यात फक्त "नाही".
खाली लाल ओळ: व्यस्त निघत नाही.
म्हणजे डोंगराला शिखर नाही, नुसती लांबच लांब धार,
तीवर कुठेही उभं राहा, उंची तीच.
सुरुवातीचे आकडे बदलले. पद्धत बदलली.
पावलं बारीक केली. संगणकाला शिवीही दिली,
आजोबांकडून आलेली, बोटीवरची.

शेवटी हेयिनला फोन.
मेंढ्यांना चारा घालून तो बसने आला,
स्वेटरला ओल्या लोकरीचा वास.
कार्डं उलटीपालटी केली.
"रकाना एकच होता," म्हणाला.
"ती मोजायची, मी मोजायचो,
मग किटली उकळेपर्यंत भांडायचो.
ठरेल ते लिहायचं."

दोघांची मिळून चूक किती, हे सांगता येतं.
कुणाची किती, हे त्या कार्डांना माहीतच नव्हतं.

"एक नाव काढून टाकते," मी म्हटलं. "मग सुटेल."
तो बोटींकडे बघत राहिला.
"शेवटचं खोकं घेतलंस का?"

नव्हतं घेतलं. वेगळं अक्षर दिसलं म्हणून बाजूला ठेवलेलं.
तीन हिवाळे, दोनशे बारा खडे,
सगळे त्याच्या एकट्याच्या हातचे.
ती गेल्यानंतरचे.

ते भरले. पुन्हा चालवलं. बारा मिनिटं.

सारणी आली.
अंदाज वाचायला मी तोंड उघडणार तोच
"कोण जास्त चुकायचं ते नको सांगूस," म्हणाला.
"मधलं सांग. तिच्या ओळीतलं, माझ्या रकान्यातलं."
"वजा शून्य पूर्णांक शून्य तीन एक."
"वजा?"
"वजा."
बराच वेळ टोपी हातात फिरत राहिली.
"म्हणजे मी एखादं वर्ष जास्त धरलं
की ती कमी करून सावरून घ्यायची."

तसं नाही.
त्याचा अर्थ एवढाच, की या माहितीला
तुम्हा दोघांना सुटं करणं अजूनही जड जातं:
एकाच्या माथी थोडं जास्त मारलं
तर दुसऱ्याच्या माथ्यावरून तितकं उतरतं.
दर वर्षी मी हे पोरांना फळ्यावर शिकवते,
तिरकं, बारीक लंबवर्तुळ काढून,
आणि जो तुझ्यासारखं बोलेल त्याचे गुण कापते.

"हो," मी म्हटलं.

त्याला छापून हवी होती. दिली.
कागद त्याने कर्णावरच दुमडला, तिरपा,
वरचा वजा खालच्या वजावर,
आणि आतल्या खिशात ठेवला.
पाचची बस होती.