डावा कान

हर्षाली भोपीचा अल्बम आलाय, 'खाजण'.
नऊ गाणी, एकतीस मिनिटं.
करावे गावातल्या स्वयंपाकघरात रेकॉर्ड केलेला, म्हणे,
फ्रिज बंद ठेवून.

मी सीवूड्सला, सहाव्या मजल्यावर,
दिवा मालवून बसलो.
ते स्वयंपाकघर इथून चालत बारा मिनिटं असेल.

पहिल्यांदा वाटलं, फारच उघडंय हे.
नुसता गळा,
आणि मधे मधे श्वास घेतल्याच्या जागा.
गिटार कुठाय?

मग आठवलं.
सातवीत गालगुंड झाले तेव्हापासून
डावा कान नावापुरता,
चष्म्याची काडी अडकवायला.

हेडफोन उलटा घातला.
गळा गेला,
आणि आली ती गिटार,
तारेवरून बोट घसरल्याची बारीक किर्र,
कुठेतरी पाटावर भांडं टेकल्याचा आवाज,
आणि चौथ्या गाण्यात, पार मागे,
एक बाई.

शब्द नाहीत तिला.
बांगड्या कोपराकडे सारून
हाताच्या तळव्यानं धरलेला ठेका,
हळदीच्या रात्री ओट्यावर धरतात तसा.
कडवं संपताना एक 'हं',
चल पुढे, म्हटल्यासारखा.

श्रेयनामावली दोनदा वाचली.
त्यात फ्रिजचे आभार आहेत.
हिचं नाव नाही.

संपदा म्हणाली, बाबा, फोनमध्ये सेटिंग असतं,
दोन्ही बाजू एकाच कानात येतात.
थांबा, करून देते.

राहू दे म्हटलं.
एकदा हा कान, एकदा तो,
अख्खं गाणं मी मधल्या वेळात जोडतो.
एकत्र केलं तर
ती परत मागे जाऊन बसेल.