जांभळा

अंबडच्या त्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर
लिफ्ट बंद असते आणि इनक्युबेटर चालू,
सदतीस अंश, रात्रंदिवस,
कुणाच्या तरी अंगाएवढाच गरम.

शनिवारी मी पेशींना झाडाचं हार्मोन पाजलं.
शेंड्याला उजेडाकडे वाकवणारं,
रोपवाटिकेत कलमाच्या बुडख्याला लावलं की
पांढरी मुळं फुटतात, ते.
नुसतं दिलं तर त्यांना काही नाही,
पाण्यासारखं पितात, वाढत राहतात.
मग एका विलायती तिखट मुळ्यातलं विकर,
चिमूटभरसुद्धा नाही. तेही एकटं गरीब.
हळद पिवळी, चुना पांढरा,
भेटले की लाल,
आणि मग कुणाला वेगळं करता येत नाही.

अठ्ठेचाळीस तास, गांगुर्डे मॅडम म्हणाल्या. मग बघू.

सोमवारी पिवळं द्रावण घातलं.
जी पेशी जिवंत, ती त्याचं जांभळं करते.
एवढंच आमचं नाडी बघणं.
मूत्राशयाची ओळ पिवळीच राहिली.
स्तनाची अर्धीमुर्धी,
तापातून उठलेल्या माणसाच्या नखांसारखी.
आणि स्वादुपिंडाची ओळ
अशी जांभळी, अशी गच्च जांभळी
की मोहाडीच्या बागेत असती
तर पाखरांनी आधी तीच फोडली असती.

आमच्याकडे हा रंग उतरला की
क्रेट धुवायला काढतात.
मी वहीत त्याच्यापुढे ‘अपयश’ लिहिलं,
खोडलं,
‘प्रतिसाद नाही’ लिहिलं.

भामाआत्यानं बावीस हंगाम
जी.ए.च्या मगात घड बुडवले.
बुडवायचा, झटकायचा, पुढचा.
तिला हार्मोन समजावून सांगावं लागत नाही.
आता दर तिसऱ्या बुधवारी ती
त्र्यंबक रोडच्या दवाखान्यात खुर्चीवर बसते
आणि नळीतले थेंब मोजते,
मजुरीचे खाडे मोजावेत तसे.

मी तिला सगळं सांगितलं.
म्हणाली, एकाच वेलीवर
एक घड फुगतो, शेजारचा मणी गाळतो,
मग सारखाच दिला होता, तेव्हाही.
त्यात नवल ते काय?
थोड्या वेळानं, थेंबांवरची नजर न काढता,
‘माझ्या कुठल्या ओळीतल्या गं?’

ती प्लेट आहे आत्या, माणूस नाही.
हे औषध अजून बाटलीच्या बाहेर पडलेलं नाही.
‘म्हणजे सांगायचं नाही तुला.’
नाही. म्हणजे माहीत नाही.

तिनं मान हलवली.
नर्सला म्हणाली, पंखा जरा कमी कर.

आज पुन्हा तेच. विकर दुप्पट.
खिडकीतल्या कुंडीत मी खोचलेली काडी
सातपूरच्या बाजूला कललीय,
तिच्या आतलं काम ती करतेय.
मी वहीत तारीख घातली, ओळी आखल्या,
स्तनाच्या ओळीपुढे समासात
पेन्सिलीनं ‘भा.’ लिहिलं.
नियमात बसत नाही.
खोडरबर टेबलावरच होतं.