आस

बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर आमचं ऑफिस.
खाली लाद्या फोडतात, वर आम्ही चौघं
मालवणच्या मासळी-लिलावाचा जावा कोड सांभाळतो.

मेल्विन होता तेव्हा त्याचा कोड लांबूनही कळायचा:
दोन मेथडींच्या मध्ये तीन ओळी मोकळ्या,
महिरपी कंस कायम खालच्या ओळीवर, एकटा,
ओहोटीला मागे राहिलेल्या शिंपल्यासारखा.
व्हेरिएबलचं नाव ब. ब-एक. ब-दोन.
एकदा तर नुसतंच बांगडो.
मी टॅब मारायचो, निलोफर चार स्पेस.
एका फाइलीत तीन घरांची अंगणं
आणि मधे गडगा कुठेच नाही.

मेल्विन मस्कतला गेला.
निलोफर सोलकरनं नियमांचं पान लिहिलं:
ओळ शंभर अक्षरांची. कंस त्याच ओळीवर.
नाव असं, की वाचणाऱ्याला विचारायला
खुर्चीतून उठावं लागू नये.
मग एका शुक्रवारी दुपारी फॉरमॅटर चालवला.
चारशे बारा फाइली, जेमतेम नऊ सेकंद.
मला कसंतरीच झालं.
तिला म्हटलं, कुणाचं अक्षर कुठलं, काही उरलं नाही.
ती म्हणाली, तुला कोड वाचायचाय की मेल्विन?

घरी बाबा रापणीचं जाळं शिवत बसलेले.
रापण सगळ्यांची; ज्याचा त्याचा तुकडा
एकमेकांना जोडलेला, ओढायला सगळा वाडा.
विचारलं, ह्यातली तुमची गाठ कुठली?
"गाठ कोणाची ती माशाक खंय कळता?
आस सारको व्हयो."
सुईवरची नजर न काढता.

मार्गशीर्षात, पहाटे चारला, लिलाव अडकला.
होड्या लागलेल्या, सुरमई टोपल्यांत,
स्क्रीनवर दर शून्य,
आणि फोनवर उदेश कोयंड्याच्या शिव्या.
अर्ध्या झोपेत लॅपटॉप उघडला, वाचत गेलो
काळोखात आपल्याच घराचा जिना उतरावा तसा:
सर्वोच्च बोली, उरलेलं वजन, खरेदीदार –
आणि खरेदीदारच रिकामा आला तर?
ती पायरीच नव्हती.
एक अट घातली. पाचला बोली पुन्हा सुरू.

चहा पिताना ध्यानात आलं,
मेथड कुणी लिहिली होती, ते बघितलंच नव्हतं.
अजूनही बघितलेलं नाही.

बांगडो आहे मात्र, एका जुन्या टेस्टमध्ये.
कुठल्याच नियमात बसत नाही.
निलोफरला तो दिसतो, मला ठाऊक आहे.
दर रिव्ह्यूला त्या ओळीपाशी जराशी थांबते
आणि पुढे जाते.