निधान

मांडीच्या मागे, बसतो त्या हाडापासून
गुडघ्याच्या लवणीपर्यंत
तीन दोऱ्या असतात म्हणे.
मला कुठे ठाऊक.
मी पुढचंच शिवत आले: गळा, कटोरी, हुकपट्टी.

वडगावात, गल्लीच्या तोंडालाच माझं मशीन.
बावीस वर्षं त्याच स्टुलाची कड
त्याच जागी रुतलेली.
लग्नसराईत दुपारचं जेवणही पायडलवर पाय ठेवून.
आखडत गेलं असेल आतल्या आत,
पहिल्या धुण्यात कापड आटतं तसं,
आणि मी माप घेतलंच नाही.

मग महिला मंडळाची शर्यत, चाळिशीपुढच्यांची.
पदर खोचला, चपला काढल्या.
खरं सांगते, चाळीस पावलं मी सगळ्यांच्या पुढे होते.
कुणीतरी ओरडत होतं, "वैजू, पळ की!"
आणि टच्च.
जाड शिवणीवर सुई मोडते ना, तोच आवाज,
फक्त मशीन मी होते.

शेजारच्या नागुबाईने कढत तेलाने रगडलं.
"लंगडत कशाला चालूलालीस गं, ओढून घे, मोकळं होतंय."
ओढलं.
तिसऱ्या दिवशी गुडघ्यामागे उतरला वांगी रंग,
कडेला मोरपंखी, पुढे हळदी.
इतक्या छटांची रिळं माझ्या दुकानात नाहीत.

सिव्हिलमधली मठपतीबाई माझ्या थोरलीएवढी.
तिचं मराठी अर्धं, माझं कानडी पाव.
रगडायचं नाही, ओढायचं नाही,
आधी बर्फ, फडक्यात गुंडाळून.
उसवलेल्या शिवणीला कुणी ताण देतं का,
हे तिने मला विचारावं!
दहा दिवसांनी पाठीवर निजून
टाच सरकवायची चटईवरून
स्वतःच्याच अंगाकडे, बोटबोट.
मी घाई केली की म्हणायची,
निधान, अक्का. निधान.

मला वाटलं, ठेवा म्हणते आहे.
पुरलेलं धन.
मांडीत? असल्या या मांडीत?
विचारायची लाज वाटली.
आठवडाभर टाच सरकवत राहिले
हंडा लागेल अशा बेताने.

मुलगा हसला. "आई, निधान म्हणजे हळू.
तिसऱ्या रेल्वे गेटच्या पाटीवर लिहिलंय की."
त्या पाटीखालून मी
अस्तराचे तागे घेऊन किती वेळा धावले.
गोल गोल अक्षरं,
मी नक्षी म्हणून पाहिलेली.

आता अर्ध्या तासाने उठते,
गिऱ्हाईक तोंडावर असलं तरी.
स्टुलावर वाकळेची घडी.
टाच पायरीवर टेकून, पाठ ताठ, कमरेतून वाकते.
खेच लागते तिथे थांबते,
दुखतं तिथे जात नाही.
थंडीत एक धागा अजून बोलतो,
जिना उतरताना जास्त.

पुढच्या वर्षी पळणार का, विचारतात.
बघू.
बॉबिनचा स्क्रू पाव फेरा सैल करते.
टाका बसतो.